आठ मार्कांचा गोल कंस

माझ्या रूमपार्टनरने तीन वर्षांत मला जेवढं छळलं तेवढं सोलापूरच्या उन्हाळ्यानेही छळलेलं नाही, आणि सोलापूरचा उन्हाळा काय चीज आहे हे तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. उन्हाळ्याचं निदान एक बरं असतं, तो जूनमध्ये आवरतं घेतो. ही बाई बारा महिने माझ्या कॉटपासून चार फुटांवर असायची आणि माझ्या तोंडून निघालेल्या प्रत्येक वाक्याकडे, रानात शिरलेल्या परक्या जनावराकडे बघावं तशी बघायची. आज गरम जास्त आहे, असं मी म्हणायचा अवकाश, पलीकडून थंडपणे प्रश्न यायचा, "कशावरनं?" कालच्यापेक्षा जास्त वाटतंय, असं मी म्हणायचे. मग काल किती होतं, ते मोजलं होतं का, आणि 'वाटतंय' म्हणजे नक्की काय, इथपर्यंत ती मला नेऊन सोडायची. तोवर मी घामाने आणि संतापाने सारखीच भिजलेली असायचे.

मी करमाळ्याची, ती मंगळवेढ्याकडच्या एका खेड्यातली. गणितात बी.एस्सी. करायला दोघी सोलापुरात आलो आणि कॉलेजच्या हॉस्टेलात एका खोलीत पडलो. मी गणित घेतलं कारण बारावीपर्यंत मला त्यात मार्क पडत होते. याहून वेगळं कारण असू शकतं हे मला माहीतही नव्हतं. तिच्या वडिलांची गावात पिठाची गिरणी आहे. लहानपणी ती गिरणीत बसून मोठं चाक एकदा फिरलं की लहान चाक किती वेळा फिरतं, पट्टा लांबवला तर त्यात फरक पडतो का, असलं काहीतरी वडिलांना दिवसभर विचारायची. शेवटी एक दिवस कंटाळून वडील म्हणाले की बाई, हे गणितवाल्यांना विचार. म्हणून ती विचारायला आली होती. हे ती विनोद म्हणून सांगत नसे.

आता अशा मुलीचे निदान पाढे तरी पक्के असावेत की नाही? हॉस्टेलच्या वॉचमनकाकांची मुलगी चौथीत होती. गणिताच्या ताई आहेत म्हणून काकांनी मोठ्या भक्तिभावाने तिला आमच्या खोलीत आणून बसवलं. माझ्या रूमपार्टनरने तिला गुणाकार म्हणजे काय, हे खडूने लोखंडी कपाटाच्या दारावर लिहून इतकं सुंदर समजावून सांगितलं की मीसुद्धा पुस्तक मिटून ऐकत बसले. मग त्या पोरीने विचारलं, ताई, सातआठे किती. ताईंनी डोळे मिटून विचार केला आणि सांगितलं, "चोपन्न." पोरगी दुसऱ्या दिवसापासून आली नाही. काका पुढे वर्षभर आमच्याकडे फार दयाळू नजरेने पाहत. मी तिला फैलावर घेतलं तर म्हणाली, आकडेमोड हे गणितातलं सगळ्यात खालचं काम असतं, आणि ते यंत्राला येतं.

मेसमध्ये तर तिने माझी मान खाली घालायला लावली. मेसच्या दारावर पाटी होती, 'रात्रीचे जेवण ८ ते ९'. एकदा आम्ही दोघी घड्याळात बरोबर नऊ वाजताना दारात पोचलो. मेसच्या मावशी झाकणं लावत होत्या, त्यांनी सांगितलं की वेळ संपली. मी मुकाट्याने मागे फिरले. ही तिथेच उभी राहिली आणि अत्यंत आदराने विचारू लागली की मावशी, आठ ते नऊ म्हणजे नऊ धरून की नऊ सोडून. नऊ धरून असेल तर ह्या क्षणाला आम्ही आत आहोत, आणि नऊ सोडून असेल तर तसं पाटीवर लिहायला पाहिजे. मावशी म्हणाल्या की नऊ म्हंजे नऊ. ही म्हणाली, तेच मी म्हणतेय. हे बोलणं होईपर्यंत नऊ वाजून पाच मिनिटं झाली आणि ती स्वतःच म्हणाली की आता मात्र आपण नक्की बाहेर आहोत, चल. आम्ही खोलीवर येऊन शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्ली. पुढच्या आठवड्यात रेक्टरबाईंनी पाटीवर कंसात 'नऊ धरून' असं लिहून घेतलं, तेव्हा हिला झालेला आनंद मला अजून आठवतो आणि अजून चीड येते.

वर्गातही तेच. आम्हाला ॲनालिसिस नावाचा विषय होता. शाळेत आपण जे जे बिनदिक्कत खरं धरून चालतो, ते ते या विषयात पहिल्यापासून सिद्ध करावं लागतं. शिकवणारे सर मोठे शिस्तीचे होते. पांढरा शर्ट, फळ्यावर मोत्यासारखं अक्षर, आणि नोट्स अशा देणार की पाठ केल्या तर मार्क खिशात. मी पाठ करत असे. ही पुस्तकाच्या सातव्या पानावर अकरा दिवस बसून होती. शून्य एकच असतं कशावरून, दोन का नसावीत, हा तिचा प्रश्न होता. तिने तो सरांना विचारला. सर म्हणाले, पुस्तकात दिलं आहे. ती म्हणाली, "व्हय सर, पण पुस्तकाला कुणी सांगितलं?" वर्ग हसला, सर हसले नाहीत. बाराव्या दिवशी तिने ते स्वतः सिद्ध केलं, दोन ओळींत, आणि आठव्या पानावर गेली. आम्ही तेव्हा तिसऱ्या प्रकरणात होतो. तिचे पेपर कधी पूर्ण होत नसत, कारण जे मी पाठ करून लिहायचे ते ती परीक्षेत बसून पहिल्यापासून शोधून काढायची. मी वर्गात पहिली येत असे, ती कशीबशी पास होत असे, आणि तरीही अडलं की सगळा वर्ग तिच्याकडे जायचा, माझ्याकडे नाही. हेही मला खटकत असे, आज कबूल करते.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या परीक्षेत ती गोष्ट घडली. त्याआधी तिने परगावच्या एका मोठ्या संस्थेची एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा दिली होती आणि त्यात तिचा नंबर लागला होता. परीक्षा मीही दिली होती, पण मी पहिल्या यादीत नव्हते, दुसऱ्या यादीतही नव्हते. तिला अट एकच होती, जुलैअखेर पदवीचा निकाल हातात हवा. घरी वडिलांनी सांगितलं होतं की पास झालीस तर पाहिजे तितकं शिक, नापास झालीस तर मात्र घरी यायचं, मग मी कुणाला थांबवू शकणार नाही. घरात लग्नाचं बोलणं चालू होतं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

आमचं कॉलेज स्वायत्त, त्यामुळे पेपर कॉलेजचाच. ॲनालिसिसचा पेपर सरांनीच काढलेला. त्यात आठ मार्कांना एक प्रमेय सिद्ध करायला होतं. गणित न येणाऱ्यांनाही ते कळेल इतकं सोपं आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात न उचलता रेघ काढली, तर ती काही अमाप उंच जाऊ शकत नाही, तिला वर कुठेतरी छत असतंच. मात्र यात दोन्ही टोकं धरलेली पाहिजेत. टोकं धरली आहेत हे दाखवायला चौकोनी कंस घालतात, आणि टोकं सोडली असतील तर गोल. टोकं सोडली की सगळं बिघडतं, कारण सोडलेल्या टोकाच्या जवळ जाता जाता रेघ आभाळापर्यंत वर जाऊ शकते. पेपरात कंस गोल छापला होता.

मी ते पाहिलंच नाही. प्रश्न ओळखीचा दिसला, मी पाठ केलेली सिद्धता झरझर उतरवली आणि पुढे गेले. माझ्या मागच्या बाकावर ती हात वर करून उभी राहिल्याचं मला कळलं. सुपरव्हिजनला रसायनशास्त्राचे एक सर होते. ती त्यांना सांगत होती की इथला कंस चुकलाय, या रूपात हे विधान खोटं आहे. त्यांनी सांगितलं की जे छापलंय ते सोडवा. मग तिने जे छापलं होतं ते सोडवलं. विधान खोटं आहे असं लिहिलं, एक भागिले एक्सचं उदाहरण घेतलं, आलेख काढला, सोडलेल्या टोकाशी, म्हणजे शून्याजवळ, तो कसा अमर्याद वर जातो ते दाखवलं, आणि खाली रेघ मारली.

पेपर सुटल्यावर गेटपाशी तिने मला विचारलं, तो प्रश्न कसा केलास. मी म्हणाले, सिद्ध केला, सरांनी दिला तसा. ती भर रस्त्यात थांबली. "पण ते खोटं हाय," ती म्हणाली. "जे खोटं हाय ते तू सिद्ध कसं केलंस?" मला असा राग आला की काय सांगू. रात्रीचा दिवस करून पाठ केलेली गोष्ट, ती सुद्धा एका कंसावरून खोटी. मी रिक्षा केली आणि तिला तिथेच सोडून हॉस्टेलवर आले.

निकाल लागला. मी वर्गात पहिली. ती त्याच पेपरात पाच मार्कांनी नापास. आम्ही दोघींनी उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स मागवल्या. तिला तिची हवी होती, मी आपली हौस म्हणून. तिच्या त्या उत्तरावर लाल पेनाने शून्य होतं, आणि समासात सरांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'प्रश्न नीट वाचा'.

सबंध वर्गात प्रश्न नीट वाचणारी एकच मुलगी होती, आणि तो शेरा तिच्याच पेपरावर. ती मात्र चिडली नाही. तिने ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं आणि मला म्हणाली, तुझी झेरॉक्स दे, तुला आठपैकी आठ पडलेत, तुझी सिद्धता नेमकी कुठं पडते ते मला परीक्षा विभागात दाखवायचंय.

मी दिली नाही. का देऊ? माझा पहिला नंबर फक्त दोन मार्कांनी होता. मी तिला नाही नाही ते बोलले. माझं चांगलं तुला बघवत नाही, असंही म्हणाले. ती म्हणाली, बरं. तिने पुन्हा मागितलं नाही, आणि त्यानेच माझी पंचाईत झाली. दोन दिवस मी कॉटवर बसून माझंच उत्तर वाचत होते. ते बरोबर आहे हे तिला दाखवून तिचं तोंड एकदाचं बंद करावं, एवढाच माझा हेतू होता. पण मधल्या एका ओळीवर मी अडकले. रेघ ज्या बिंदूपाशी अमाप वर जाते असं धरून चालायचं, तो बिंदू आतच आहे, असं मी लिहिलं होतं. कशावरून आत आहे? टोकं सोडलेली असताना तो टोकावरही असू शकतो की. तीन वर्षं ती ओळ मी तोंडपाठ म्हणत होते आणि ती काय म्हणते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी उठून झेरॉक्स तिच्या उशाशी ठेवली. ती म्हणाली, तूही चल.

परीक्षा विभागात तिचे वडील आधीच येऊन बसले होते. खरं तर ते तिला घरी न्यायलाच आले होते. अंगात धुतलेला पांढरा सदरा, पण कानामागे पीठ राहिलेलं. विभागातल्या अधिकाऱ्यांनी नियम सांगितला: तपासणी आदर्श उत्तरपत्रिकेप्रमाणे होते, आदर्श उत्तरात सिद्धता आहे, हिच्या उत्तरात सिद्धता नाही, म्हणून शून्य. त्यांनी हे तीनदा सांगितलं, दर वेळी थोडं मोठ्याने. तेव्हा तिचे वडील उठून उभे राहिले.

"सायेब, मला यातलं काय बी कळत न्हाय," ते म्हणाले. "पण सवाल चुकला आसंल, तर पोरगी कशी चुकली?"

अधिकारी म्हणाले की काका, ते टेक्निकल आहे. माझं डोकं फिरलं. एका गिरणीवाल्याला जे एका वाक्यात कळलं ते या टेबलामागे बसून कळत नसेल तर टेबल कशाला हवं, असं काहीतरी मी बोलून गेले. मी, जिने मेसच्या मावशींपुढेही कधी तोंड उघडलं नव्हतं. शेवटी त्यांनी सरांना बोलावून घेतलं.

सर आले ते वैतागूनच. तिने प्रश्नपत्रिका त्यांच्यापुढे ठेवली, मग माझं उत्तर ठेवलं आणि त्या ओळीवर बोट टेकवलं. "सर, हितं," ती म्हणाली. "हितं ही पडली." सरांनी ओळ वाचली. मग प्रश्नपत्रिकेतला कंस पाहिला. मग पुन्हा ओळ वाचली. चष्मा काढून त्यांनी तो रुमालाने पुसला.

"मी चौकोनी लिहिला होता," ते म्हणाले. "टाइप होताना गोल झाला असेल. पण तपासताना प्रश्न मीही वाचलाच नाही." मग तिच्या उत्तरावरचा स्वतःचा शेरा त्यांना दिसला. ते उठून गेले.

समिती बसली. चार दिवसांनी निर्णय आला की प्रश्न सदोष असल्याने तो लिहिणाऱ्या सर्वांना आठपैकी आठ गुण देण्यात येत आहेत. ती पास झाली. तिच्या वडिलांनी कॉलेजच्या शिपायापासून सगळ्यांना पेढे दिले. मला वाटलं, सुटलो. माझेही आठ शाबूत, तिचाही प्रवेश शाबूत.

पण ती सुटू देईल तर ती कसली. तिने दुसरा अर्ज केला. त्यात लिहिलं होतं की मला दया म्हणून गुण नकोत, माझं उत्तर तपासून द्यावेत. आणि ज्यांनी खोटं विधान सिद्ध केलं आहे त्यांना, माझ्या रूमपार्टनरसह, शून्य द्यावं. माझ्यासह. मी माझा पेपर स्वतःच्या हाताने नेऊन दिला होता, अधिकाऱ्यांशी हिच्यासाठी भांडले होते, आणि ही माझं नाव घालून माझे आठ काढायला निघाली होती. मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही. तिला त्याचं कारणच कळेना. पाचव्या दिवशी तिने मला समजुतीच्या सुरात सांगितलं, "अगं, तुझ्यावर राग न्हाय. तुझ्या उत्तरावर हाय."

अर्ज अर्थातच फेटाळला गेला. पण त्याच दिवशी सरांनी आम्हाला डिपार्टमेंटमध्ये बोलावलं. तिच्याकडून झेरॉक्स मागून घेतली, लाल पेन काढलं आणि तिचं उत्तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तपासलं. आलेखावर खूण केली, उदाहरणावर खूण केली. शून्य खोडलं, आठ लिहिले, सही केली. नंतर समासातला तो शेरा खोडून त्याखाली एवढंच लिहिलं, 'बरोबर आहे'. या कागदाला कुठेही किंमत नाही, हे त्यांनी तिला सांगितलं. ती म्हणाली, व्हय सर, म्हाइत हाय. तो कागद तिने दोन्ही हातांनी घेतला. तीन वर्षांत मी तिला रडताना पाहिलं ते त्या एकाच वेळी, आणि मला नको तितकं वाईट वाटलं, कारण माझ्या आठावर मला कधी असं रडू आलं नव्हतं.

ती गेली. एम.एस्सी. झाली, आता पीएच.डी. करते. मी बी.एड. करून करमाळ्यात एका ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते. माझा निकाल चांगला लागतो, पालक खूश असतात. फोन मीच करते, ती फोन उचलते एवढंच. गेल्या रविवारी दुपारी केला तेव्हा कळलं की गेली दोन वर्षं ती एकाच प्रश्नावर अडकून आहे, आणि ते सांगताना तिचा आवाज अगदी सुखात असल्यासारखा होता. मग तिने मला विचारलं, तू अजून गणित करतीस का. मी म्हणाले, शिकवते की.

"शिकवतीस ते म्हाइत हाय," ती म्हणाली. "करतीस का?"

मला राग आला. नेहमीसारखाच आला. घर, कॉलेज, तपासायचे गठ्ठे, हे सगळं मी तिला ऐकवलं. तिने ऐकून घेतलं आणि जाता जाता एक कोडं घातलं. चार पायांचं चौरस टेबल उंचसखल जमिनीवर ठेवलं आणि ते डुगडुगलं, तर ते उचलून दुसरीकडे न नेता, नुसतं जागच्या जागी फिरवत गेलं की कधी ना कधी चारही पाय टेकतातच का? असलं काही करायला मला वेळ नाही, असं सांगून मी फोन ठेवला.

आमच्या अंगणात फरशी नाही, मुरूम टाकलेला आहे. आज तीन दिवस झाले, कॉलेजातून आले की मी चहाचं छोटं चौरस टेबल तिथे नेते आणि हळूहळू फिरवते. एक पाय टेकतो, दुसरा उचलला जातो. टेकतं, हे दिसतंय. का टेकतं, ते अजून सांगता येत नाही, पण काहीतरी हाताशी येतंय असं वाटतं. आई दारात उभी राहून बघत होती. तिने विचारलं, एवढं डुगडुगतंय तर पायाखाली कागदाची घडी का घालत नाहीस. घातली असती तर टेबल लगेच थांबलं असतं, हे मलाही कळतं. पण मला ती घालावीशी वाटली नाही.